व्हीआर गेम बनवताय? आधी हाताला काम द्या

व्हीआर गेम, म्हणजे डोक्याला हेडसेट लावून आणि हातात कंट्रोलर धरून खेळायचा गेम, करायला घेणारे बरेच जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी स्टोरी, मग लेव्हल किती, शत्रू कुठले, मेन्यू कसा दिसेल, आणि सगळं ठरल्यावर कधीतरी प्रश्न येतो की बाबा प्लेअर हाताने नक्की काय करणार, तर उत्तर येतं कंट्रोलरचं ट्रिगर बटण दाबणार. मग तो गेम अर्धा किलोचा डबा डोक्याला बांधून कशाला खेळायचा, मोबाईलवर बरा की.

म्हणून पहिलं काम हे करा. कागदावर एकच क्रियापद लिहा. कापणे, चढणे, फेकणे, लपणे, जे काय असेल ते. आणि ते क्रियापद स्कोअर नाही, आवाज नाही, ग्राफिक्स नाही अशा मोकळ्या करड्या खोलीत करून बघा. दोन मिनिटं करून परत करावंसं वाटलं तर पुढे जा, नाही वाटलं तर वरून कितीही मेकअप केला तरी फरक पडत नाही. बीट सेबर बघा, २०१८ ला आला, प्राग मधल्या छोट्या टीमने केलेला, त्यात प्लेअर जागचा हलत पण नाही, ठोकळे त्याच्याकडे येतात आणि तो कापतो, संपलं. सुपरहॉट व्हीआर मध्ये तुम्ही हललात तरच वेळ पुढे सरकतो. गोरिला टॅग मध्ये तर पायच नाहीत, हाताने जमिनीला रेटा द्यायचा आणि पुढे जायचं, ग्राफिक्स अगदी साधे, तरी पोरं तासन्‌तास खेळतात. तिन्हीकडे गंमत शरीरात आहे, पडद्यावर नंतर.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक खेळ घेऊन बोलू. लगोरी. सात चपटे दगड, एक बॉल, फोडा आणि बॉल लागायच्या आत परत रचा. व्हीआर साठी याच्यापेक्षा चांगला सरावाचा खेळ मला तरी सुचत नाही, कारण यात फेकणं, रचणं आणि चुकवणं अशी तीन क्रियापदं आहेत आणि तिन्ही व्हीआर मध्ये वेगवेगळ्या कारणाने अवघड जातात.

फेकणं: दिसतं सोपं, निघतं डोकेदुखी

खऱ्या आयुष्यात बॉलला वजन असतं, बोटांना कळतं की आता सुटला. व्हीआर मध्ये हातात असतो कंट्रोलर, बॉल कितीही मोठा असो वजन तेवढंच, आणि सोडायचं म्हणजे बटणावरचं बोट ढिलं करायचं. माणूस ते बोट कधी जरा आधी उचलतो कधी जरा उशिरा, आणि तुम्ही जर फक्त सुटल्याच्या त्या एका फ्रेमचा (पडद्यावरच्या एका चित्राचा) वेग बॉलला दिलात तर बॉल कधी पायाशी पडेल कधी शेजारच्या बिल्डिंगवर जाईल. प्लेअर स्वतःला दोष देत नाही, म्हणतो गेम भंगार आहे, आणि खरंय त्याचं.

यावर करायचं काय तर सोडायच्या आधीच्या चार-पाच फ्रेमचा वेग साठवत राहा आणि त्याची सरासरी घ्या, किंवा त्यातला सगळ्यात जास्त वेग उचला, दोन्ही करून बघा कुठलं बरं वाटतं ते. ग्रिप, म्हणजे पकडायचं बटण, पूर्ण सुटायची वाट बघू नका, अर्धी ढिली झाली की सुटला समजा. मनगटाचा झटका धरा, म्हणजे बॉल कंट्रोलरच्या मधोमध नसतो, थोडा पुढे असतो, तर हात वळताना त्या अंतरामुळे जो जादा वेग मिळतो तो मोजा, नाहीतर गोटी टाकल्यासारखा नेम कधी लागणारच नाही. आणि थोडी चोरून मदत करा. बॉलची दिशा लगोरीच्या पाच-सहा अंशात असेल तर तिला हळूच लगोरीकडे वळवा. कोणाला कळत नाही, सगळ्यांना वाटतं आपला नेम भारी. फक्त ही मदत इतकी वाढवू नका की पाठ फिरवून टाकलेला बॉल पण लागेल, मग पोरं पाच मिनिटात ओळखतात आणि इज्जत जाते.

अजून एक गोष्ट जी पुस्तकी सल्ल्यांत पटकन येत नाही. आजकालच्या बहुतेक हेडसेटचे कॅमेरे हेडसेटवरच असतात, त्यामुळे हात डोक्याच्या मागे गेला की कॅमेऱ्याला दिसतच नाही, थोडा वेळ कंट्रोलरच्या आतला सेन्सर अंदाजाने रेटून नेतो पण अंदाजच तो. आता लगोरी फोडताना जोर लावायला माणूस काय करतो, हात मागे नेतो. म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या क्षणी ट्रॅकिंग गंडतं. वर आपल्याकडे सीलिंग फॅन. अमेरिकेतल्या मोठ्या हॉलमध्ये टेस्ट झालेला गेम डोंबिवलीच्या वन बीएचके मध्ये वरून हात फिरवायला सांगतो तेव्हा काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून आपल्या लगोरीत खालून किंवा बाजूने फेकलेला बॉल जास्त चांगला लागेल असं करा. दगड थोडे खाली ठेवले, लगोरीच्या वरच्या अंगाला झाडाची फांदी आली, की माणूस आपोआप खालून टाकतो. सूचना लिहायची गरज नाही, जागाच तसं करायला लावते.

रचणं

इथे फिजिक्स इंजिन, म्हणजे वस्तू कशा पडतील-आपटतील याचा हिशोब करणारा प्रोग्रॅम, तुमचा शत्रू आहे. सात दगड एकावर एक ठेवले की ते थरथरतात, सरकतात, कधी हात न लावता ढासळतात. गेम बनवायला युनिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी फिक्स्ड टाइमस्टेप, म्हणजे फिजिक्सचा हिशोब किती वेळाने होतो ते, बघा, मुळात तो ०.०२ सेकंद असतो म्हणजे फिजिक्स सेकंदाला ५० वेळा चालतं, आणि हेडसेट सेकंदाला ७२ किंवा ९० चित्रं दाखवतो, त्यामुळे हातातला दगड सारखा थरथरल्यासारखा दिसतो. तो टाइमस्टेप हेडसेटच्या रेटला जुळवून टाका, अर्धा त्रास तिथेच जातो.

उरलेला अर्धा डिझाइनने घालवायचा. रचून झालेल्या दगडाचं फिजिक्स बंद करून टाका, बॉल लागला की त्या क्षणी चालू. नवीन दगड जवळ आणला की तो कुठे बसेल त्याची फिकट आकृती दाखवा, आणि हात सोडल्यावर दगड तिथे सरकून बसू द्या. पण अगदी मध्यभागी बरोब्बर बसवू नका, प्लेअरने जरा वाकडा ठेवला असेल तर जरा वाकडाच दिसू दे, नाहीतर रचायची मजा जाते आणि ऑफिसातलं डेटा एन्ट्रीचं काम वाटायला लागतं. बसल्यावर टक्क असा आवाज आणि कंट्रोलरला छोटा धक्का, दोन्ही एकाच वेळी. हाताला खरं काही लागत नाही ना, तर आवाज आणि व्हायब्रेशन मिळूनच मेंदूला पटवायचं असतं की दगड टेकला.

दगड जमिनीवर ठेवायचे का? खऱ्या लगोरीत जमिनीवरच असतात. पण व्हीआर मध्ये सारखं खाली वाकणं म्हणजे कंबरेची वाट, हेडसेट पुढे लोंबकळतो, आणि कंट्रोलर फरशीवर आपटतो ते वेगळं. आणि खुर्चीत बसून खेळणाऱ्याचं काय. म्हणून झाडाभोवतीचा पार घ्या, कंबरेएवढा, त्यावर लगोरी. पडलेले दगड पण पारावरच पडतील, घरंगळून खाली गेलेच तर थोड्या वेळाने परत वर येऊ द्या. किंवा लांबूनच दगड ओढून घ्यायची सोय द्या. हाफ लाइफ अ‍ॅलिक्स मध्ये हे फार सुंदर केलंय, लांबच्या वस्तूकडे हात करायचा, मनगटाला झटका द्यायचा, वस्तू उडून येते आणि ती हवेत झेलायची. झेलायची हे महत्त्वाचं. आपोआप हातात येऊन चिकटली असती तर ते बटणच झालं असतं, झेलावी लागते म्हणून दर वेळी छोटी मजा येते, आणि खाली वाकायचा प्रश्नच मिटतो.

चालणं, म्हणजे चक्कर

डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो मी तर उभाच आहे, आणि या भांडणात पोटात ढवळतं. घाटात एसटी मध्ये मोबाईल वाचताना होतं ते हेच, फक्त बाजू उलटी. काहींना होतच नाही, काहींना दोन मिनिटात घाम फुटतो. आणि एकदा उलटीसारखं झालं की तो माणूस तुमचा गेम परत लावत नाही, म्हणून हा विषय ‘नंतर बघू’ मध्ये टाकायचा नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे खेळाच्या नियमातूनच चालणं काढून टाकायचं. लगोरीत बॉल टाकायची रेघ एकीकडे आणि दगड चार-पाच मीटर लांब, मग प्लेअरने तिथवर जायचं कसं? नका नेऊ. लगोरी फुटली की पडदा क्षणभर काळा करा, आणि उजेड आला की तो पारापाशी उभा आहे. लोकांना ते अजिबात खटकत नाही. पण चालवायचंच असेल तर टेलिपोर्ट (दाखवलेल्या जागी एकदम जाणं) आणि सलग चालणं दोन्ही द्या, मान न वळवता वळायचं असेल तर ३० किंवा ४५ अंशांचे झटके द्या, गुळगुळीत वळण ज्याला हवं तो सेटिंगमध्ये जाऊन लावेल. हलताना नजरेच्या कडा काळ्या करायची युक्ती पण चांगली आहे, गूगल अर्थ व्हीआर मध्ये उडताना ती दिसते. एकसारख्या वेगाचा त्रास कमी होतो, वेग वाढताना-कमी होताना जास्त होतो, म्हणून हळूहळू वेग पकडणारी ‘सिनेमॅटिक’ चाल विसरा, चालू म्हणजे चालू आणि बंद म्हणजे बंद.

आणि कृपा करून कॅमेरा स्वतः हलवू नका. बॉल लागला म्हणून स्क्रीन हादरवणे, पडला म्हणून डोकं जमिनीला टेकवणे, कटसीन मध्ये मान धरून फिरवणे, हे सगळं मॉनिटरवर चालतं. इथे ते डोकं प्लेअरचं आहे. तसंच फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. ७२ हर्ट्झचा हेडसेट असेल तर एका फ्रेमला १३.९ मिलीसेकंद मिळतात, ९० ला ११.१, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची असतात. पारावरच्या वडाला पानं कमी लावा पण फ्रेम गाळू नका.

चुकवणं, आणि लागलंच नव्हतं वाली भांडणं

हेडसेटला तुमच्या शरीरातल्या तीनच गोष्टी नीट माहीत असतात, डोकं आणि दोन हात. पोट, खांदे, पाय सगळा अंदाज. आता प्लेअरने अंग चोरून बॉल चुकवला आणि तुमच्या अंदाजाच्या पोटाला तो लागला, तर भांडण ठरलेलं, अगदी खऱ्या लगोरीसारखं. म्हणून लागण्याची जागा शरीरापेक्षा बरीच बारीक ठेवा, शंका आली तर प्लेअरच्या बाजूने निकाल द्या. हाताने बॉल उडवता आला तर फारच छान, कारण हात कुठे आहे ते आपल्याला पक्कं माहीत आहे.

बॉल मागून येऊ देऊ नका. समोरच्या अर्ध्या गोलातूनच यावा, आणि येण्याआधी त्या बाजूने टाकणाऱ्याचा आवाज यावा, ‘ए घे रे’ असं काहीतरी, त्रिमिती आवाज असला की मान आपोआप तिकडे वळते. मागून यायला लागले की माणूस गरागरा फिरतो, वायरचा हेडसेट असेल तर गुंडाळला जातो आणि नसेल तर टीपॉयवर आपटतो. क्वेस्ट हेडसेट बनवणारी मेटा कंपनी रूमस्केल, म्हणजे खोलीत फिरून खेळायच्या गेम साठी साधारण दोन बाय दोन मीटर मोकळी जागा लागेल असं सांगतं. मुंबईत दोन बाय दोन मीटर मोकळी म्हणजे सोफा सरकवून, सायकल गॅलरीत टाकून. तुमचा गेम एका पावलाच्या वर्तुळात पूर्ण खेळता आला पाहिजे, जास्त जागा असलेल्याला जास्त मजा आली तर तो बोनस. समोरचं पात्र पण फार जवळ आणू नका, हातभर अंतराच्या आत कोणी आलं की माणूस मागे सरकतो आणि मागे भिंत असते.

वजनाबद्दल थोडं. जड वस्तू जड वाटायला हव्या असतील तर दोन मार्ग दिसतात. बोनवर्क्स या गेमसारखं सगळं फिजिक्सवर सोडायचं, म्हणजे जड वस्तू हाताच्या मागे रेंगाळते आणि दोन हात लावावे लागतात, काहींना हे जाम आवडतं आणि काहींना आपला हात आपलं ऐकत नाही म्हणून चीड येते. दुसरा मार्ग जॉब सिम्युलेटर या गेमचा, तिथे वस्तू उचलली की हात गायबच होतो आणि वस्तूच हात बनते. ऐकायला विचित्र वाटतं पण खेळताना बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. लगोरीच्या दगडांना मी दुसराच मार्ग घेईन, बोटं दगडाभोवती नीट बसवायची अ‍ॅनिमेशनं वाचतात आणि रचताना दगडाची कड स्पष्ट दिसते.

सगळंच हाताने करायला लावायचं असंही नाही. अ‍ॅलिक्स मध्ये पिस्तूल भरायला मॅगझिन काढा, पाठीवरच्या बॅगेतून नवीन घ्या, बसवा, खटका ओढा, असं सगळं आहे, कारण समोर झोंबी आला की हात थरथरायला हवेत, तीच तर मजा. पण त्याच गेममध्ये क्रोबार (लोखंडी पहार) नाहीये, जो हाफ लाइफ मालिकेची ओळख आहे. बनवताना करून बघितलं तर तो लोकांच्या नकळत दारा-सामानात अडकायचा. तेव्हा चाळणी अशी लावा, जे काम हाताने करताना ताण किंवा मजा वाढते ते हाताने, आणि दार उघडणं, पाणी पिणं, दिवा लावणं यातलं जे पन्नास वेळा करावं लागेल ते सोपं. हात खांद्याच्या वर फार वेळ धरायला लावणारा मेन्यू तर नकोच, दंड भरून येतात.

स्कोअर कशाला देता त्यावर माणूस अंग कसं हलवेल ते ठरतं. बीट सेबर मध्ये एका ठोकळ्याचे जास्तीत जास्त ११५ मार्क. त्यातले ७० कापायच्या आधी हात किती मोठा फिरवला त्याचे, ३० कापल्यानंतर पुढे किती गेला त्याचे, आणि अचूक मधोमध कापल्याचे फक्त १५. म्हणजे मार्क नेमापेक्षा मोठ्या हालचालीला आहेत, म्हणून लोक बारीक मनगट हलवून खेळत नाहीत, नाचल्यासारखे खेळतात आणि बाहेरून बघणाऱ्याला पण मजा येते. लगोरीत तुम्ही फोडण्याला जास्त मार्क दिलेत तर सगळे जोरात फेकतील आणि भिंतीवर हात आपटतील. रचण्याला द्या, त्यात दोन्ही हात वापरून रचलं तर अजून द्या. मग खेळ पारापाशी राहतो, जिथे तो सुरक्षित पण आहे आणि धमाल पण.

सूचना कशा द्यायच्या, मराठीत द्यायच्या तर अजूनच

डोळ्यासमोर चिकटून फिरणारी पाटी नको. मजकूर जगात कुठेतरी लावा, भिंतीवर, फळ्यावर, दीड-दोन मीटर लांब आणि मोठ्या अक्षरात. नाकाजवळची अक्षरं वाचताना डोळे तिरळे करावे लागतात आणि डोकं दुखतं. मराठी मजकूर असेल तर वेगळीच गंमत, युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरी जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. गोडॉ ४ या गेम बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसतं. युनिटीतच राहायचं असेल तर पाट्यांची चित्रं करून लावा, वाक्यं मोजकीच असतील तर तेच सोपं पडतं. त्याहून चांगलं म्हणजे आवाज. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक आजी ओरडतात ‘अरे पारावर रचा, काच फोडाल’, झालं ट्युटोरियल. आणि शिकवायची गोष्ट आधी निवांत खेळायला द्या, बॉल आणि दोन दगड हातात, घड्याळ नाही, कोणी मारायला नाही.

दुसऱ्याच्या डोक्यावर चढवून बघा

स्वतःच्या गेमची तुम्हाला सवय झालेली असते, चक्कर पण येईनाशी होते, म्हणून तुमचं मत टेस्टिंगमध्ये धरायचंच नाही. कधीच व्हीआर न बघितलेला माणूस पकडा. चष्मेवाला एक, बुटकं पोर एक, अंबाडा घालणाऱ्या काकू एक, कारण पट्टा अंबाड्यावर बसत नाही आणि हेडसेट हळूहळू खाली घसरतो, चित्र धूसर होतं आणि काकू म्हणतात मला काही नीट दिसत नाही बाई. बुटक्या पोराचा हात पारापर्यंत पोचतो का ते बघा, नसेल तर सुरुवातीला उंची घेऊन पार खाली-वर करा. चित्र टीव्हीवर टाका, आणि तुम्ही गप्प बसा, हे सगळ्यात अवघड. ‘तिकडे बघा, ते उचला’ असं सांगायला लागलात की टेस्ट संपली.

टीव्हीपेक्षा माणसाकडे जास्त बघा. पाय सारखे सरकतायत का, खांदे वर चढलेत का, हेडसेट हाताने वर ढकलतोय का. आणि हात कशाकडे जातो ते लिहून ठेवा. दोघा-तिघांनी पारावरची चिमणी पकडायला हात घातला आणि चिमणी ढिम्म बसून राहिली, तर चिमणी उडवा, अगदी अर्ध्या दिवसाचं काम आहे. मे महिन्यात टेस्ट करत असाल तर फेरी तीन-चार मिनिटांतच संपवा, घामाने भिंगं धुरकट होतात, आणि कोकणात तर बोलायलाच नको. एरवीही फेरी छोटीच बरी, क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे आणि ते सगळं तोंडावर येतं.

बिल्ड (खेळायला तयार गेमची प्रत) देण्याआधी सेटिंगमध्ये एवढं आहे का बघून घ्या: बसून खेळायचा मोड, डावखुऱ्यांसाठी हात बदल, वळण्याचा प्रकार, कडा काळ्या करायचं कमी-जास्त, व्हायब्रेशन बंद. आणि पहिल्याच खोलीत भिंतीवर मोठं चित्र लावा, मनगटाचा पट्टा अडकवलेल्या हाताचं, कारण लगोरीत जोशात येऊन कोणीतरी कंट्रोलर टीव्हीत फेकणार आहेच.